बायकांचा समुद्र कमरेपर्यंत

वुआई मला पहिल्यांदा 'बायको' म्हणाला तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं, आणि त्याला माझ्या हातातला उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा तुकडा हवा होता. तुकडा त्याने घेतला. 'बायको' मात्र तेव्हापासून मला चिकटलं ते चिकटलंच.

तो माझा मामेभाऊ. आमच्या बेटावर आतेबहीण-मामेभाऊ म्हणजे थट्टेचं नातं. एकमेकांना वाटेल ते बोलावं, ताटातलं उचलावं, चपला लपवाव्यात, चारचौघांत अब्रू काढावी. फक्त रागवायचं नाही. जो रागावला तो हरला, आणि त्याची गोष्ट गावाला पुढच्या रमझानपर्यंत पुरते. आजी-नातवंडांचंही तसंच. बीबी मिझे आम्हा दोघांची आजी, माझ्या आईची आणि त्याच्या बापाची आई. ती वुआईला 'नवरोबा' म्हणते आणि अर्थातच मला 'सवत'. सकाळी आल्याचा चहा मागायचा तरी म्हणणार, "सवतीबाई, आधी मला. नवऱ्याला काय, थंड चालतो."

हे सगळं मजेचंच होतं. पण आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने जन्मभर थट्टेने बायको म्हटलं, त्याने एखाद्या दिवशी मनापासून म्हटलं तर ते ओळखायचं कसं? एखाद्या परक्या पोराने नुसतं वळून बघितलं तरी मुलीला कळतं. माझ्याकडे हा बाबा रोज सगळ्या गावासमोर लग्नाचं बोलत होता आणि मला काडीचं काही कळत नव्हतं.

आणि कळणं तर भाग होतं, कारण शाआलीच्या घरून मागणी आली होती. शाआली म्हणजे समोरच्या मोठ्या बेटावरच्या म्कोआनी बंदरातला सायकल दुरुस्त करणारा. माणूस चांगला. नखांतलं वंगण सोडलं तर त्याच्यात खोट काढायला जागा नाही, आणि मी शोधून पाहिली होती. त्याचा काका होडीतून आला, चहा प्यायला, बाबांशी बोलून गेला. शुक्रवारच्या नमाजनंतर उत्तर घ्यायला परत येणार होता. बाबांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे, बाळ?" मी म्हटलं, "खडक उघडू दे, मग सांगते." बाबांना ते पटलं. खडक उघडायच्या आठवड्यात आमच्याकडे कोणाचं डोकं दुसऱ्या कशात चालत नाही.

खडक उघडणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या बेटाभोवतीच्या प्रवाळाचा एक मोठा पट्टा गाव काही महिने बंद ठेवतं. चार बाजूंना झेंडे लावतात. आत कोणी पाऊल टाकायचं नाही, तिथल्या प्वेझाला हात लावायचा नाही. प्वेझा म्हणजे ऑक्टोपस. त्याचं आयुष्य जेमतेम वर्षा-दीड वर्षाचं, पण तेवढ्यात तो खातो असा की बंदीच्या सुरुवातीला मुठीएवढा असलेला शेवटी कुशीत मावत नाही. मग पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी येते, पाणी कधी नव्हे इतकं मागे हटतं, आणि त्या सकाळी खडक उघडतात. या वेळी तो दिवस गुरुवारी आला. म्हणजे प्वेझा गुरुवारी, नवरा शुक्रवारी.

आमचा समुद्र आम्ही पायांनी ओळखतो. आधी खारफुटी. तिथे चिखल घोट्यापर्यंत, आणि एका मोठ्या नांगीचे खेकडे आपल्याला हात करत असतात. मग पांढरी वाळू. मग समुद्री गवताचं कुरण, त्यात काळे काटेरी गोळे. त्यावर पाय पडला की आठवडाभर लंगडायचं आणि लोकांचे टोमणे खायचे. मग प्रवाळाची डबकी, फटी, बिळं. प्वेझाची वस्ती इथे. आणि सगळ्यात शेवटी कड, जिथे लाट फुटते. प्रत्येक पट्ट्याची माणसं, म्हणजे मासे, वेगळे. गवतातला खडकावर जात नाही, खडकातला वाळूवर येत नाही, आणि गेलाच तर कोणाच्या तरी पोटात जातो.

कडेपाशी आम्हा बायकांचा समुद्र संपतो. 'बायकांचा समुद्र कमरेपर्यंत' असं आमच्याकडे म्हणतात. नेसलेला कांगा भिजून अंगाला गुंडाळला की पुढे पाऊल टाकता येत नाही, आणि पोहायला आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. पलीकडचा समुद्र पुरुषांचा. पाण्याचा चष्मा लावायचा, श्वास भरायचा आणि खाली जायचं. वुआई त्यांच्यात सगळ्यात खोल जाणारा, आणि वर आला की सगळ्यात जास्त बोलणारा.

"पलीकडे उतार नाहीच," तो आमच्या ओट्यावर बसून सांगायचा. "सरळ भिंत आहे. तीन मजली. वरच्या मजल्यावर ऊन. मधल्या मजल्यावर कायमची संध्याकाळ, भर दुपारी गेलात तरी. आणि तळमजल्यावर रात्र. तिथले मासे आपापला कंदील घेऊन हिंडतात."

"त्यात तेल कोण भरतं?" मी विचारायची.

"तुझा सासरा."

बायका हसून हसून लोळायच्या, कारण माझा हा सासरा म्हणजे आमचा मामा शेजारीच जाळं विणत बसलेला असायचा.

एक दिवस त्याने न्हावी माशाची गोष्ट सांगितली. बोटभर मासा, निळा पट्टा असलेला. मोठे मोठे मासे त्याच्या दुकानासमोर तोंड उघडून उभे राहतात आणि तो थेट आत शिरून दात साफ करून देतो.

"आणि गिळत नाहीत त्याला?"

"न्हाव्याला कोण गिळतं गं, बायको? अर्धीच दाढी झाली असली तर?"

दुसऱ्या दिवशी नारिंगी मासे. एका नवऱ्याच्या वीस बायका, आणि नवरा मेला की थोरली बायकोच काही दिवसांत नवरा होऊन बसते. हे ऐकून बीबी मिझेने हातातली खोबऱ्याची किसणी खाली ठेवली. "हे मला आधी कोणी का नाही सांगितलं? तुमचा आजोबा गेला तेव्हाच झाले असते."

शिवाय डोकं खाली शेपूट वर असे उभे पोहणारे मासे होते. झाडासारखे पंखे होते. आणि वुआईची ती लाल चड्डी होती. फुटबॉलची, जिच्याशिवाय तो समुद्रात उतरत नाही. "खालच्या मजल्यांवर गेलं की ती काळी होते," तो म्हणायचा. "वर आलं की परत लाल. म्हणून तर धुवावी लागत नाही."

ऐकायला गर्दी व्हायची, विश्वास कोणी ठेवत नसे. इतर पुरुषांना विचारावं तर ते म्हणत, "आम्ही तिथे मारायला जातो, बघायला नाही." मी तर वुआईच्या तोंडून निघालेलं एक अक्षर खरं धरत नसे. थट्टेच्या नात्यात खरं बोलायची गरजच काय?

आता सांगून टाकते. मला वुआई हवा होता. कधीपासून ते ठाऊक नाही. तो ओट्यावर नसला की संध्याकाळ अळणी लागायची. तो माझ्या ताटातला माशाचा बरा तुकडा उचलायचा, आणि मी शिव्या देत देत आधीच बरा तुकडा वर ठेवलेला असायचा. पण हे कोणाला सांगणार? त्याला म्हटलं असतं 'तू मला आवडतोस', तर तो म्हणाला असता 'मग, बायकोला आवडायलाच पाहिजे', आणि सगळा ओटा हसला असता. त्यांच्याबरोबर मीही हसले असते, आणि शुक्रवारी शाआलीचा काका आला असता.

बुधवारी रात्री तो आमच्याकडे जेवायला होता. माझ्या ताटातला तुकडा उचलून म्हणाला, "बायको, उद्या कडेपर्यंत ये. तुला माझं घर दाखवतो." आणि क्षणभर हसायचा थांबला. किंवा घास अडकला असेल. मी त्या एका क्षणावर अर्धी रात्र काढली आणि शेवटी घासच अडकला असेल असं ठरवून झोपले.

गुरुवारी उजाडताच सगळं गाव किनाऱ्यावर. बर्फाच्या पेट्या घेऊन म्कोआनीचे व्यापारी आले होते, त्यांचे वजनकाटे टांगलेले. आम्ही बायका एका रांगेत, डोक्याला कांगा घट्ट बांधून, कमरेला टोपली, हातात लोखंडी सळई. गावचा प्रमुख म्झे कोंबो दुवा मागत होता. मग तो बोलायला लागला. समुद्र कसा अल्लाची ठेव आहे, अंड्यावर बसलेल्या मादीला कोणी हात लावू नये, ती आठ हातांची आई खाणंपिणं सोडून अंडी सांभाळते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. सगळं खरं होतं, सुंदर होतं, आणि रोज ऐकलं तरी चाललं असतं, पण आज नाही. पाणी खाली खाली जात होतं आणि आमचे पाय जाग्यावर राहीनात.

"बीबी मिझे," म्झे कोंबो मधेच म्हणाला, "तुझे पाय पाण्यात आहेत."

"मी कुठे गेले? पाणी माझ्याकडे आलंय."

"ओहोटीला पाणी येतं होय?"

"म्हाताऱ्या बाईकडे येतं. आदर असतो त्याला."

म्झे कोंबो आणि बीबी लहानपणचे थट्टेवाले. तो काय बोलणार? त्याने हात वर केला, 'बिस्मिल्ला' म्हटलं, आणि आम्ही सुटलो.

त्या धावण्याचं सुख मला सांगता येणार नाही. शंभरेक बायका, ओले कांगे फडफडतायत, कोणाची चप्पल गेली, कोणी गवतात आपटली आणि उठून अजून जोरात पळाली, आणि सगळ्या जणी जीभ हलवून लुलुलुलु करतायत, जणू एकाच वेळी पन्नास लग्नं लागलीत. माझी मैत्रीण रिझिकी माझ्या शेजारून धावत म्हणाली, "झुवेना, पुढच्या खेपेला सायकलवर बसून येशील ना? घंटी वाजव म्हणजे आम्ही बाजूला होऊ."

"तुला मागच्या चाकात घालीन," मी म्हटलं, आणि आणखी जोरात पळाले.

पहिला प्वेझा मला गवताच्या पुढच्याच फटीत मिळाला. त्याचं घर ओळखायला सोपं, कारण आमच्या रिझिकीसारखा तोही खरकटं दारातच टाकतो. खेकड्यांची कवचं, शिंपले यांचा ढीग दिसला की समजायचं मालक घरात आहे. सळईने गुदगुल्या करायच्या. तो आधी घाबरून पांढरा होतो, मग चिडून तांबडा होतो, मग सळईलाच मिठी मारतो. तेवढी मिठी पुरते. बाहेर ओढायचा, डोक्याची पिशवी उलटी करायची की तो मेला, मग टोपलीत. दुसरा मिळाला, तिसरा मिळाला. अंडी सांभाळणारी एक मादी दिसली, तिला सलाम करून पुढे गेले. हात कोपरापर्यंत चिकट झाले, कानात मीठ, तोंडभर हसू. चारी बाजूंनी किंचाळ्या येत होत्या, "मोठा आहे गं," "माझ्या पायाला धरलंय गं," "सोडू नकोस, तो तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा आहे."

अशी फिरत फिरत मी कडेवर पोहोचले. उधाणाच्या ओहोटीने कडही उघडी पडली होती, त्या दिवशी लाट फक्त पलीकडून ओठ लावून जात होती. तिथे एका भोकासमोर केवढा तरी कवचांचा ढीग. मी सळई घातली. ही सळई माझी नव्हती, बीबी मिझेची होती. तिच्या सासूची. आत काहीतरी हललं आणि सळई माझ्या हातातून अशी गेली की मी गुडघ्यावर आपटले. भोकाला मागचं दारही होतं. तिथून मांडीएवढ्या हातांचा एक तांबडा प्वेझा बाहेर पडला, सळईसकट कडेवरून घसरला आणि पलीकडच्या निळ्यात गेला.

"माझी सळई," मागून बीबीचा आवाज आला. डोळ्यांनी तिला अर्धं दिसतं, पण नेमकं तेवढं दिसलं. "सवत माझी सळई बुडवून आली."

समोरच पाण्यात, कडेला एका हाताने धरून, वुआई तरंगत होता. चष्मा कपाळावर, दात सगळे बाहेर.

"काय गं बायको, घरातली भांडी आत्तापासून नवऱ्याकडे पाठवायला लागलीस?"

"आण ती वर."

"तूच ये ना. म्हटलं नव्हतं, घर दाखवतो?"

"वुआई, बीबी मला मारेल."

"मग मी विधुर होईन. दुसरी करीन."

मी हात लांब केला आणि त्याच्या डोक्यावरचा चष्मा खेचून घेतला. थट्टेच्या नात्यात घेतलेली वस्तू परत मागता येत नाही. तो ओरडला, हसला, आणि तशाच उघड्या डोळ्यांनी श्वास भरून खाली गेला. मी चष्मा लावला, कमरेची टोपली सोडून बाजूला ठेवली, कडेवर पालथी पडले, एका दगडाला घट्ट धरलं आणि तोंड पाण्यात घातलं. सळई कुठे पडलीय एवढंच मला बघायचं होतं.

उतार नव्हता. भिंत होती.

माझ्या नाकाखाली जमीन संपत होती आणि सरळ खाली जात होती. मी आजवर ज्यावर चालत होते ते एका प्रचंड घराचं छप्पर होतं, आणि मला वाटायचं तोच समुद्र. भिंतीवर जांभळे पंखे होते, माणसाएवढे, लाटेबरोबर हलणारे. पंख्यांपुढे नारिंगी माशांचा ढग होता, आणि सगळ्यांच्या वर एक रंगीत, शिष्ट, आपलंच राज्य असल्यासारखा पोहत होता. नवरा. त्याच्यामागे वीस की पन्नास बायका. एका कपारीत थाळीएवढ्या तोंडाचा मासा जबडा वासून स्तब्ध उभा होता आणि त्याच्या गालातून बोटभर निळा पट्टा आत-बाहेर करत होता. मी पाण्यातच हसले. खारं पाणी नाकातोंडात गेलं, वर येऊन खोकले आणि परत तोंड घातलं, कारण मला उभे मासेही बघायचे होते. होते. फांद्यांच्या प्रवाळात, डोकं खाली शेपूट वर, एका ओळीत, मशिदीतल्या पोरांसारखे अंग चोरून.

आणि वुआई खाली जात होता. हात अंगाला लावून, घाई नाही. त्याची लाल चड्डी आधी विटकरी झाली. मग तपकिरी. मग तो इतका खाली गेला की ऊन संपलं, सगळंच निळं झालं, आणि चड्डी काळी दिसायला लागली. खरोखर काळी. त्याच्याही खाली निळं गडद होत होतं, मग त्याहून गडद, मग काहीच नाही. दिवेवाले मासे मला दिसले नाहीत. तिथवर कोणाचीच नजर जात नाही. पण ते असणार हे मला त्या क्षणी कळलं, कारण बाकीचं सगळं होतं.

आणि मग मी दगडाला अजून घट्ट धरलं. हा माणूस इतकी वर्षं माझ्याशी खरंच बोलत होता. प्रत्येक शब्द. भिंत खरी, न्हावी खरा, चड्डी खरी. हसत सांगितलं म्हणून मी खोटं धरलं. मग 'बायको'चं काय?

तो वर आला तेव्हा एका हातात सळई होती आणि दुसऱ्या हातावर मेलेला प्वेझा. पिशवी उलटी केलेली, तरी त्याचे हात वुआईच्या दंडाला घट्ट. तो कडेवर चढला, धापा टाकत, डोळे लाल. तोवर बीबी आणि रिझिकी पोहोचल्या होत्या. बीबीने माझ्याकडून चष्मा काढून घेतला, कांगा वर खोचला आणि माझ्या जागी पालथी पडली. बघता बघता चारपाच जणी कडेवर ओळीने पालथ्या पडून आपला नंबर मागायला लागल्या.

"नारिंगी बायका कुठायत?" बीबी पाण्यातून तोंड काढून ओरडली. "मला थोरली दाखवा."

मी वुआईकडे बघितलं. "सगळं खरं होतं."

"मग? मी तुझ्याशी कधी खोटं बोललो?"

मी म्हटलं, "उद्या शाआलीचा काका येतोय. नमाजनंतर. बाबा विचारतायत काय सांगू."

एवढंच म्हटलं. याहून सरळ मी आयुष्यात काही बोलले नव्हते. त्याचा चेहरा क्षणभर उघडा पडला, आणि मग, बाई गं, सवय. जन्माची सवय. दात परत बाहेर आले.

"सांग ना हो म्हणून. माझी बायको दुसऱ्याशी लग्न करणार, मी ढोल वाजवीन. आहेर म्हणून शाआलीला साबण देईन, नखं धुवायला. आणि तुला रोज सायकलवर..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. पायाच्या बोटांपासून काहीतरी वर चढलं आणि डोक्यात गेलं. मी त्याच्या दंडावरचा प्वेझा दोन्ही हातांनी ओढून काढला, आठही हातांसकट उगारला आणि त्याच्या तोंडावर हाणला. नुसता नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी तो तिथेच चिकटला. वुआईचं डोकं दिसेना.

"हस," मी म्हटलं. "हस आता. ढोल वाजव. मी रडरड रडणार आहे आणि तू ढोल वाजव, मूर्खा. रोज बायको बायको करतोस आणि जेव्हा खरंच विचारलं तेव्हा साबण देतोस? मी तुझ्यासाठी मासा वर ठेवते ताटात. रोज. दिसत नाही तुला? एवढ्या काळोखात मासे दिसतात, मी दिसत नाही?"

आणि मी रडायला लागले. भोकाड पसरून, खडकाच्या मधोमध, खडक उघडायच्या दिवशी.

कडेवर पालथ्या पडलेल्या बायका उठून बसल्या. जवळच्या होड्यांतले पुरुष वल्ही थांबवून बघायला लागले. आमच्या बेटावर असं कधी झालं नव्हतं. नवरा-बायको भांडतात, सासवा-सुना भांडतात, पण थट्टेच्या नात्यात कोणी रागावत नाही.

"रागावली," कोणीतरी हळूच म्हणालं.

"झुवेना हरली गं," रिझिकी म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

"हो," मी म्हटलं. "हरले. सांगा सगळ्या गावाला."

वुआईने चेहऱ्यावरून प्वेझाचा एकेक हात सोडवला. चक् चक् आवाज येत होता. कपाळावर, गालांवर गोल गोल लाल वर्तुळं उमटली होती. सगळ्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या, कारण थट्टेला उत्तर द्यावंच लागतं आणि वुआईकडे उत्तर नाही असं कधी झालेलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. तो इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. तीन मजले खाली जाऊन येणारा माणूस, आणि उघड्या खडकावर सळईचा आधार घेऊन उभा होता.

"झुवेना," तो म्हणाला.

माझं नाव. मी डोळे पुसायची थांबले.

"झुवेना, मला वाटायचं तू हसतेस म्हणजे तुला नकोय. मी सांगायचो आणि तू हसायचीस. मग मी अजून सांगायचो." त्याने गालावरची प्वेझाची काळी शाई पुसली, ती अजून पसरली. "मी आज आईला तुमच्याकडे पाठवू का? मागणी घालायला. खरी."

कोणी हसलं नाही. बीबी मिझेसुद्धा नाही, आणि ते मी जन्मात एकदाच पाहिलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे त्याला द्यायला इतक्या वर्षांचे टोमणे साठलेले होते, त्यातला एकही सापडेना.

"पाठव," मी म्हटलं. "लवकर पाठव. तो काका उद्या नमाजनंतरच्या पहिल्याच होडीने येतो."

मग जो लुलुलुलु सुरू झाला, तो कडेपासून किनाऱ्यापर्यंत गेला. ज्या बायका लांब होत्या, ज्यांना काय झालं ते ठाऊकही नव्हतं, त्याही करायला लागल्या. किनाऱ्यावर म्झे कोंबोला वाटलं कोणाला तरी होडीएवढा प्वेझा मिळाला. बीबी मिझे वुआईला म्हणाली, "म्हणजे आता मला सोडलंस होय?" तो नुसता मान खाली घालून उभा राहिला, कानांपर्यंत लाल.

पाणी चढायला लागलं. कडेवर पहिली लाट फुटली तशा बायका टोपल्या उचलून परत फिरल्या, डबक्यांतून, गवतातून, काट्यांचे गोळे चुकवत. वुआई माझ्यापुढे चालत होता, खांद्यावर बीबीची सळई, गालांवर ती वर्तुळं. अख्ख्या वाटेत एकदाही मला बायको म्हणाला नाही. मी इतकी खूश होते की किनाऱ्यावर पोहोचून व्यापाऱ्याने हात पुढे केला तेव्हा कळलं, माझी टोपली कडेवरच राहिली होती आणि सगळे प्वेझा समुद्राने परत घेतले होते.